तळीरामाचा अपराध

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावर मराठींत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी भर घालूं पाहणाऱ्यानें आरंभींच वाचकांची क्षमा मागावी हें बरें. सुधाकराचा अधःपात मद्यामुळें झाला कीं त्याच्या मानी स्वभावामुळें, सिंधूची पतिभक्ति ही करुणरसाची पराकाष्ठा कीं नाट्याची दुर्बलता, तळीरामाचा विनोद शोकाला उठाव देतो कीं त्याचा भंग करतो, हे प्रश्न आमच्या टीकाकारांनीं पुनःपुन्हां हाताळले आहेत. त्यांपैकीं एकहि प्रश्न येथें नव्यानें सोडविण्याचा विचार नाहीं. या लेखाचें निमित्त निराळें आहे.

गेल्या वर्षीं जळगांवीं वर्गांत हें नाटक शिकवून संपविलें, तेव्हां मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. मुलगा धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांतला, सातपुड्याच्या पायथ्याचा. एरवीं वर्गांत तोंड न उघडणारा. त्यानें विचारलें, “सर, मूल मेलें तर फौजदार येतो. पण ज्यानें पहिला प्याला भरून दिला, त्या तळीरामाला कोर्टांत कोणीच कसें नेत नाहीं?” वर्ग हंसला. मीहि ‘तळीराम मद्यानेंच मरतो, तीच त्याची शिक्षा’ असें ठराविक उत्तर देऊन वेळ मारून नेली. तास संपल्यावर तो माझ्यामागें आला व खालच्या आवाजांत म्हणाला, “माझे वडील दारूनें गेले, सर. देणारा गल्लींतच आहे. तो कांहीं मेला नाहीं.”

त्या क्षणीं मला पुढें कांहीं बोलवलें नाहीं. मुलानें न्यायाचा प्रश्न विचारला होता आणि मीं त्याला काव्यन्यायाचें उत्तर दिलें होतें. काव्यन्याय हा नाटककाराच्या हातचा असतो. गल्लींत तो लागू पडत नाहीं. तेव्हांपासून हें नाटक मीं पुन्हां एकदां वाचलें, तें तळीरामावर आरोपपत्र ठेवतां येईल काय, एवढा एकच हेतु धरून. वाचनाचा जो निष्कर्ष निघाला तो वाचकांपुढें ठेवतों.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं निवर्तले आणि त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनीं त्या काळच्या प्रेक्षकांना रडविलें. त्या अश्रूंमध्यें एक गोष्ट प्रेक्षकांच्या नजरेंतून निसटली, ती ही कीं, या नाटकांतील प्रमुख पुरुष कायद्याच्याच घरचे आहेत. सुधाकर वकील, न्यायासनासमोर त्याचा तोल जातो आणि त्याची सनद कांहीं काळ काढून घेतली जाते. तळीराम त्याचा कारकून. ज्या अपमानाचें दुःख विसरण्यासाठीं पहिला प्याला पुढें येतो, तो अपमानहि कोर्टांतला. असें असूनहि पाजणाऱ्याच्या अपराधाचा विचार करावयास कायदा कोठेंच येत नाहीं. तो येतो अगदीं शेवटीं, फौजदाराच्या रूपानें, तान्ह्या मुलाचा मृत्यु झाल्यावर. आणि तोहि सुधाकरासाठीं. तळीराम तोंपर्यंत मरून मोकळा झालेला असतो.

मृत्यूच्या या साखळींत तीन हात असतात: विकणारा, पाजणारा आणि पिणारा. तळीराम हा पाजणारा आहे, विकणारा नव्हे. सुधाकराला व्यसन लावून त्याला दोन पैसे मिळावयाचे नसतात. त्याला हवी असते ती सोबत. ज्या बाटलींतून तो मालकाला देतो, तींतूनच स्वतः घेतो. जें सुख तो वर्णन करतो, त्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास आहे. ‘आर्यमदिरामंडळ’ ही त्याची संस्था थट्टेची खरी. परंतु तींत एक सत्य आहे. व्यसनी मनुष्य दुसरा व्यसनी निर्माण करतो तो बहुधा वैरानें नव्हे, एकटेपणानें. आजहि गांजा, अफू किंवा त्याहून भयंकर द्रव्यें यांच्या व्यवहारांत अगदीं खालच्या पायरीवर जो पकडला जातो, तो पुष्कळदां स्वतःच त्या द्रव्याचा गुलाम असतो. गडकऱ्यांनीं हें ओळखलें होतें, म्हणूनच तळीराम हा खलपुरुष न होतां विदूषक झाला.

मग अपराध कोणाचा? या प्रश्नाला आमच्या परंपरेनें दिलेलें एक उत्तर फार जुनें आहे. महाभारताच्या आदिपर्वांत असुर कचाला मारून त्याची राख शुक्राचार्यांच्या मद्यांत मिसळतात आणि गुरु ती पिऊन टाकतात. पुढें सत्य उघड झाल्यावर शुक्राचार्यांचा शाप सुटतो तो मद्य पिणाऱ्या ब्राह्मणावर. राख कालविणाऱ्या असुरांवर नव्हे. त्यांना केवळ मूर्ख म्हणून सोडून दिलें जातें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९१३ सालीं ‘विद्याहरण’ नाटकांत हीच कथा रंगविली. पिणारा तेवढा पापी, ही दृष्टि आपल्या हाडींमासीं इतकी भिनलेली आहे कीं, दारूनें मेलेल्याच्या घरीं समाचाराला गेलेले लोकहि ‘त्याच्या कर्मानें गेला’ असें म्हणून परत येतात.

परंतु दुसरी, अधिक सूक्ष्म परंपराहि आपल्याकडे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वैद्याच्या हातून रोगी मेला तर काय करावें, याचा विचार केला आहे. प्राणावर बेतणारा उपचार पूर्वसूचना न देतां केला आणि रोगी दगावला, तर वैद्याला सर्वांत खालचा दंड. उपचारांतील चुकीनें दगावला, तर मधला. मृत्यु दोन्ही ठिकाणीं एकच. दंड मात्र देणाऱ्यानें काय जाणलें, काय सांगितलें आणि कोठें चुकलें, यावर ठरतो. माझ्या मतें या सगळ्या प्रश्नाची किल्ली येथें आहे.

अलीकडच्या काळांत पाश्चात्त्य न्यायालयांना हाच प्रश्न दुसऱ्या वेषांत भेटला. इंग्लंडांत एका इसमानें हेरॉईनची पिचकारी भरून दुसऱ्याच्या हातीं दिली. त्यानें ती आपल्या हातानें टोंचून घेतली व तो मेला. देणाऱ्यास सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. परंतु २००७ सालीं हाऊस ऑफ लॉर्ड्सनें ती रद्द केली. जाणत्या, प्रौढ माणसानें समजून उमजून स्वतः केलेली कृति ही त्याचीच कृति होय, असा त्या निर्णयाचा आशय. मादक द्रव्य पुरविण्याचा गुन्हा कायम राहिला. मृत्यु मात्र देणाऱ्याच्या माथीं मारला गेला नाहीं. तळीरामाच्या खटल्यांत याहून जवळचा दाखला मिळणें कठीण. प्याला भरला तळीरामानें. ओठांना लावला सुधाकरानें, आणि सुधाकर हा दूध पितें बालक नव्हता.

अमेरिकेनें उलट मार्ग धरला. १९८६ सालीं लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटु कोकेननें मरण पावला आणि त्या क्षोभांत, त्याच वर्षीं, तेथील काँग्रेसनें कायदा केला: विकलेल्या द्रव्यानें मृत्यु आला तर विकणाऱ्यास कमींत कमी वीस वर्षें कारावास. पुढें २०१४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलें. त्यांतील मृताच्या शरीरांत अनेक द्रव्यें सांपडलीं होतीं व त्यांपैकीं एकच त्या आरोपीनें विकलेलें होतें. तें नसतें तर मनुष्य वांचला असता असें सिद्ध झाल्याखेरीज ती वाढीव शिक्षा देतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. क्षोभानें लिहिलेल्या कायद्याला विचारानें घातलेला हा लगाम होय.

आमच्या देशांत १९८५ चा अमली द्रव्यांचा कायदा मृत्यूकडे पाहतच नाहीं. तो तराजूकडे पाहतो. पांच ग्रॅमपर्यंत हेरॉईन ही ‘अल्प’ मात्रा, अडीचशें ग्रॅमहून अधिक ती ‘व्यापारी’ मात्रा. पहिलीला एक वर्षापर्यंत कारावास, दुसरीला दहा ते वीस वर्षें. त्या पांच ग्रॅमनीं कोणाचा प्राण गेला काय, हा प्रश्न त्या तराजूंत बसत नाहीं. याच कायद्यांत पुनःपुन्हां मोठ्या मात्रेचा गुन्हा करणाऱ्यास मृत्युदंड अनिवार्य करणारें कलम होतें. जून २०११ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती अनिवार्यता घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशीं विसंगत ठरविली व २०१४ च्या दुरुस्तीनें ती कायद्यांतूनहि गेली. न्यायाधीशाला माणसाकडे पाहण्याची मोकळीक पाहिजे, केवळ वजनाकडे नव्हे, हें तत्त्व त्यामागें होतें.

येथवरचा विचार तळीरामाच्या बाजूचा झाला. परंतु न्यायाचा कांटा एवढ्यावर थांबवला, तर शिरपूरच्या त्या मुलाशीं प्रतारणा होईल. कारण सुधाकरानें जें घेतलें तें मद्य होतें, आणि तें मद्य आहे हें त्याला ठाऊक होतें. जेथें पिणाऱ्याला एक सांगून दुसरेंच पाजलें जातें, तेथें ‘त्यानें स्वतः प्याला उचलला’ हें समर्थन आपोआप कोसळतें.

जून २०१५ मध्यें मुंबईंत मालाडजवळच्या मालवणी वस्तींत गांवठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. तीं बहुतेक मोलमजुरी करणारीं होतीं. त्या दारूंत मिथाईल अल्कोहोल होतें. हें द्रव्य कारखान्यांत रंग व रसायनें विरघळविण्यासाठीं वापरतात. चवीनें व वासानें तें साध्या दारूहून सहज ओळखूं येत नाहीं. शरीरांत गेल्यावर यकृतांत त्याचें फॉर्मिक आम्ल बनतें. तें रक्त आम्लधर्मी करतें आणि दृष्टीचा मज्जातंतु जाळतें. मनुष्य आधीं आंधळा होतो व पुष्कळदां मग मरतो. येथें पिणाऱ्याची संमति कोठें आहे? त्यानें दारूला संमति दिली, विषाला नव्हे. त्या खटल्याचा निकाल २०२४ सालीं, म्हणजे नऊ वर्षांनीं लागला. चौघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. दहा जण निर्दोष सुटले.

आतां याच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवा. ज्या भारतीय दंडसंहितेखालीं हा खटला चालला, तिच्यांत खाण्यापिण्याच्या जिनसेंत अपायकारक भेसळ करण्यास सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, एवढीच मूळची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यांत दंडाची रक्कम पांच हजार झाली, कैद सहा महिन्यांचीच राहिली. म्हणजे पिंपांत विष ओतणारा हात तोच, त्याचें ज्ञान तेंच, लोभ तोच. कोणी मेलें नाहीं तर सहा महिने; शंभर मेले तर दहा वर्षें. दारूबंदीच्या कायद्याचीं कलमें निराळीं लागतात, हें खरें. तथापि विषाविषयींचा विचार एवढाच. अशा वेळीं आपण शिक्षा अपराधाला देत नसून योगायोगाला देतों. प्रेतें मोजून न्याय करणें सोपें असतें. जाणीव मोजणें अवघड. आणि अवघड तें टाळून सोपें तें कठोर करणें, ही राज्यकर्त्यांची जुनी खोड आहे.

या कठोरतेचें फळ पाहावयास खानदेशच्या माणसाला दूर जावें लागत नाहीं. नवापूरचें रेल्वे स्टेशन अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजराथेंत आहे. फलाटावर दहा पावलें चाललें कीं राज्य बदलतें, आणि दारूचा कायदाहि बदलतो. गुजराथेंत दारूबंदी आहे. तेथें २००९ सालीं अहमदाबादेंत विषारी दारूनें शंभराहून अधिक बळी घेतल्यानंतर त्या सरकारनें मुंबई दारूबंदी कायद्यांत दुरुस्ती करून, अशा दारूनें मृत्यु आल्यास ती करणाऱ्यास व विकणाऱ्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठेवली. देशांत याहून कडक कायदा क्वचितच असेल. तरीहि जुलै २०२२ मध्यें बोटाद व अहमदाबाद जिल्ह्यांतील खेड्यांत चाळिसांहून अधिक माणसें त्याच मिथाईल अल्कोहोलनें मेलीं. तें द्रव्य कारखान्याच्या गुदामांतून चोरून आणलेलें होतें. फांसाची दोरी गांवांत टांगली होती. गुदामाचें कुलूप मात्र सैल होतें.

याहून गंभीर आक्षेप पुढेंच आहे, आणि तो मला सिंधूनें शिकविला. शेवटच्या अंकांत फौजदार दाराशीं उभा असतां ती मरणोन्मुख स्त्री घडलेला प्रकार लपविते व अपघाताची कथा रचते. आम्ही टीकाकार तिच्या पातिव्रत्याची स्तुति तरी करतों, निंदा तरी करतों. परंतु थोडें निराळें पाहिलें तर तिच्या खोटें बोलण्यामागें एक व्यवहारी कारण दिसतें: खरें बोललें तर माणूस फांसावर जाईल. शिक्षा जितकी भयंकर, तितकें घर मुकें होतें. विषारी दारूच्या बाबतींत हें मुकेपण प्राणघातक ठरतें. मिथाईल अल्कोहोलचीं लक्षणें पुष्कळदां बारा ते चोवीस तासांनीं दिसतात. तेवढ्या अवधींत रोगी रुग्णालयांत पोंचला तर उतारा देऊन, रक्तशुद्धि करून त्याला वांचवितां येतें. त्या अवधींत सर्वांत मोलाची माहिती एकाच माणसाजवळ असते: पिंप कोणतें, कोठून आलें, कोणाकोणाला दिलें. तो माणूस म्हणजे विकणारा. त्याच्यासमोर फांसच उभा असेल, तर तो पिंप ओतून देईल आणि पळून जाईल. पिणाऱ्यांचीं घरेंहि पोलिसांच्या भीतीनें ‘पोटांत दुखतें’ म्हणून सांगत बसतील. ज्यानें वेळीं तोंड उघडून प्राण वांचविले, त्याला शिक्षेंत मोठी सूट देण्याची तरतूद कायद्यांत स्पष्ट शब्दांत लिहिली, तर ती फांसाच्या कलमापेक्षां अधिक प्राण वांचवील, असें मला वाटतें.

आतां गडकऱ्यांकडे परत येऊं. कारण आम्हांस या नाटकाविरुद्धहि एक तक्रार नोंदवावयाची आहे. तीन हातांपैकीं दोन गडकऱ्यांनीं दाखविले. तिसरा, विकणारा, त्यांच्या रंगभूमीवर पाऊलच ठेवीत नाहीं. बाटली येते, पण ती कोठून येते हें कोणी विचारीत नाहीं. तें नाटक लिहिलें गेलें त्या काळीं मुंबई इलाख्यांत आबकारी हें सरकारी उत्पन्नाचें एक मोठें साधन होतें. दुकानांचे परवाने सरकार देत असे. सुधाकराच्या प्याल्यांतला कांहीं हिस्सा सरकारी तिजोरींत जात होता, हें त्या प्रतिभावंताला ठाऊक नसेल असें संभवत नाहीं. परंतु त्याची दृष्टि घराच्या उंबरठ्याबाहेर गेली नाहीं. सगळा शोक त्यानें संसारांत कोंडला, आणि तळीरामाच्या रोगशय्येभोंवतीं विनोदाचा खेळ मांडून तो विषय हंशांत मिटविला. नाटक म्हणून तें प्रभावी झालें. पण प्रेक्षक घरीं गेला तो ‘पिऊं नये’ एवढाच उपदेश घेऊन. ‘विकणारा कोण?’ हा प्रश्न त्याला पडला नाहीं. शंभर वर्षें लोटलीं; आमच्या वर्गांतहि तो पडत नव्हता. तो पडावयास सातपुड्याच्या पायथ्याचा मुलगा यावा लागला.

तेव्हां तळीरामाच्या खटल्याचा निकाल माझ्यापुरता असा आहे. मनुष्यवधाच्या आरोपांतून तो मुक्त व्हावा. कारण जें त्यानें दिलें तें त्यानें लपविलें नाहीं, आणि स्वतःहि घेतलें. दुसऱ्याच्या दुःखाची दुर्बल घटका पाहून त्याला व्यसनांत ओढल्याचा दोष त्याच्यावर राहतो. त्या दोषाला तुरुंगापेक्षां उपचार अधिक लागू पडला असता. परंतु जो जाणून विष देतो आणि त्याला दारू म्हणतो, तो तळीराम नव्हे. त्याची शिक्षा कठोर असावी, आणि ती पहिलें प्रेत पडण्याची वाट न पाहतां, पिंपांत विष पडतांच सुरू व्हावी. तसेंच ती शेवटच्या विक्रेत्यापाशीं न थांबतां, ज्याच्या गुदामांतून पिंप निघालें व ज्याच्या डोळेझाकीनें तें नाक्यावरून पुढें गेलें, त्याच्यापर्यंत चढत जावी. जाणीव जेथें अधिक, तेथें शिक्षा अधिक. हें सूत्र सुटलें तर कायदा केवळ सांपडेल त्या तळीरामाला फांसावर देत राहील.

सातपुड्यांत मोहाची दारू कित्येक घरीं गाळतात. पाहुण्याला देणारा तीच आधीं स्वतः घेतो. पिंपांतून येणाऱ्या दारूची गोष्ट वेगळी. म्हणून त्या मुलाचे वडील कोणत्या दारूनें गेले, हें मीं त्या दिवशींच विचारावयास हवें होतें. परीक्षेच्या सुमारास तो भेटला, तेव्हां मीं विचारलें, “देणारा स्वतः त्यांतली घेत असे काय?” तो जरा वेळ थांबला आणि म्हणाला, “तो पीतच नाहीं, सर.” एवढ्या एका वाक्यावरून कोणत्याहि न्यायाधीशानें कोणाला दोषी ठरवूं नये; दारू विकणारा निर्व्यसनी असणें हा कांहीं गुन्हा नव्हे. परंतु चौकशी कोठून सुरू करावी, हें त्यावरून कळतें. आणि ती चौकशी त्या गल्लींत अद्याप कोणी केलेली नाहीं.